कादंबरीतल्या वाळवंटाला खरे पाणी हवे: केंद्रीय संस्कृती मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय संस्कृती मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: उत्खननांचे अहवाल, मोजमापांसह केलेली रेखाटने आणि छायाचित्रे लेखक व कलावंतांना मुक्तपणे वापरता यावीत याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी मराठीत कादंबऱ्या लिहिते. सध्या हातात असलेल्या कादंबरीतला प्रदेश कोणत्याही नकाशावर नाही. तरावी नावाची एक नदी दूरच्या डोंगरांतून उतरून वाळवंटात शिरते, वर्षातले थोडेच दिवस वाहते आणि समुद्राला न मिळता मिठाच्या पांढऱ्या पठारात जिरून जाते. तिच्या काठी मी एक संस्कृती वसवली आहे. तिचे देव, तिचे कायदे, लग्न लावण्याची रीत, मेलेल्यांची आठवण ठेवण्याची पद्धत, हे सगळे कल्पनेतले आहे. अशा मनोराज्याशी भारत सरकारच्या एका खात्याचा काय संबंध, असा प्रश्न आपल्याला पडणे स्वाभाविक आहे. संबंध असा की अशी संस्कृती हवेतून रचता येत नाही, आणि ती रचायला जो माल लागतो त्यातला उत्तम माल आपल्या खात्याच्या ताब्यात आहे.

काल्पनिक वाळवंटांचे एक साचेबंद चित्र आता जगभर रूढ झाले आहे. उंटांचे तांडे, घुमटांची शहरे, तोंडावर फडके बांधलेले तलवारबहाद्दर आणि वाळूत गाडला गेलेला एखादा शाप एवढ्या भांडवलावर शेकडो कथा आणि व्हिडिओ खेळ उभे राहतात. (उंट तर बहुतेक ठिकाणी काळाच्या आधीच येऊन बसलेला असतो. मेसोपोटेमिया आणि इजिप्तच्या प्राचीन राज्यांत ओझी वाहिली ती मुख्यतः गाढवांनी. उंटाचा सर्रास वापर इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाच्या आगेमागे सुरू झाला.) या चित्रात पाणी कुठून येते, कोणाला किती मिळते आणि ते वाटून देणारा माणूस कोण, याचा पत्ता नसतो. खऱ्या मरुप्रदेशांत मात्र संस्कृतीचा निम्मा भाग याच तीन प्रश्नांच्या उत्तरांतून घडतो. नाईलचा पूर उन्हाळ्याच्या अखेरीस येई आणि तो ओसरल्यावर पेरणीला वेळ मिळे. मेसोपोटेमियातल्या टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांना मात्र डोंगरांतले बर्फ वितळल्यावर, साधारण एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे नेमके सातू कापणीला आलेले असताना पूर येई. दोन्हीकडची माणसे नदीकाठचीच, पण एकीकडे पूर ही मिळकत होती आणि दुसरीकडे तिच्यात मोठी जोखीम मिसळलेली होती. या फरकाचा विचार न करता रचलेला काल्पनिक जलदेव नुसता मुखवटा राहतो.

आपल्याकडे याहून जवळचा आणि मला अधिक उपयोगी पडलेला नमुना आहे. कच्छच्या मोठ्या रणातल्या खडीर बेटावर धोलावीरा हे हडप्पा संस्कृतीचे नगर मनसर आणि मनहर या दोन हंगामी ओढ्यांच्या मधोमध वसले होते. पाऊस तुटपुंजा, भोवती खारी जमीन, बारमाही नदी नाही. तेथील लोकांनी ओढ्यांवर बंधारे घालून पाणी नगराकडे वळवले आणि तटाच्या आत मोठमोठे तलाव खोदून ते साठवले. पूर्वेकडचा एक तलाव सुमारे ७३ मीटर लांब आणि २९ मीटर रुंद आहे. त्यात उतरायला पायऱ्या आहेत आणि त्याचा काही भाग खालच्या खडकात कोरलेला आहे. आपल्या खात्याच्या अखत्यारीतील भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९९० पासून २००५ पर्यंत रवींद्रसिंह बिश्त यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले आणि २०२१ मध्ये हे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. उत्तर दरवाजाजवळ सापडलेल्या दहा चिन्हांच्या फलकाची कीर्ती सर्वदूर आहे. त्याचे लाकूड कुजून गेले आणि जिप्समच्या तुकड्यांची चिन्हे तेवढी मातीवर पडलेली राहिली. ती अजून कोणाला वाचता आलेली नाहीत.

मला त्या फलकापेक्षाही धोलावीऱ्याच्या दफनभूमीने अधिक विचार करायला लावले. तिथल्या पुष्कळ थडग्यांत सांगाडाच नाही. मातीची भांडी आहेत, मणी आहेत, एका मोठ्या गोलाकार स्मारकाची बांधणी तर आऱ्यांच्या चाकासारखी आहे, परंतु मृत व्यक्ती तिथे नाही. देहाशिवाय दफन करणाऱ्या या लोकांच्या मनात काय होते ते आपल्याला कळणार नाही. मात्र कादंबरीकाराला अशी रिकामी जागा मिळाली की तिथून पुढे जाता येते.

तिथून मी खानदेशात आले. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतके चालत आलेली फड पद्धत आपल्या परिचयाची असेल. नदीवर बंधारा, बंधाऱ्यापासून पाट, पाटापासून चाऱ्या, आणि लाभक्षेत्राचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी पाळीपाळीने द्यायचे. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मेहनताना बहुधा धान्याच्या रूपात. ज्या वर्षी नदीला पाणी कमी, त्या वर्षी किती क्षेत्र भिजवायचे आणि कोणता भाग कोरडा ठेवायचा हे शेतकरी एकत्र बसून ठरवत. कोरड्या वर्षी पाटकऱ्याच्या हातात जेवढे वजन येते तेवढे पाटलाच्याही हातात नसते, हे मला कोणत्याही सिद्धांतापेक्षा या पद्धतीने शिकवले.

माझ्या तरावीकाठच्या लोकांचा कायदा या दोन गोष्टींच्या जोडणीतून आला. त्यांच्यात वारसा जमिनीचा नसतो, पाण्याच्या पाळीचा असतो. प्रत्येक घराची पाळी मातीच्या भाजलेल्या चकतीवर कोरलेली असते, लग्नात मुलीबरोबर तिच्या पाळीचा हिस्सा जातो, आणि माणूस मेल्यावर वर्षभर त्याच्या पाळीचे पाणी एका रिकाम्या वाफ्यात सोडले जाते. त्या वाफ्यात काही पेरायचे नाही असा दंडक आहे. दुष्काळाच्या वर्षी एक तरुण विधवा तिथे मूठभर सातू टाकते, आणि कादंबरी तिथून सुरू होते. यातली एकही रीत धोलावीऱ्यात किंवा पांझरेकाठी नव्हती आणि तशी ती होती असे मी कुठेही म्हणणार नाही. पण त्या दोन ठिकाणांशिवाय मला ती सुचलीही नसती.

आता अडचणीकडे येते. राजस्थानातल्या हनुमानगढ जिल्ह्यात, कोरड्या घग्गर नदीच्या काठी असलेल्या कालीबंगाचे उत्खनन १९६० च्या दशकात झाले. तिथे नगरापूर्वीच्या काळातले नांगरलेले शेत मिळाले. एका दिशेच्या तासांमध्ये (नांगराने पाडलेल्या चरांमध्ये) सुमारे ३० सेंटिमीटर अंतर, तर त्यांना काटकोनात जाणाऱ्या तासांमध्ये सुमारे १.९० मीटर. त्या परिसरातले शेतकरी उत्खननाच्या काळातही रुंद अंतराच्या तासांत मोहरी आणि अरुंद अंतराच्या तासांत कडधान्य घेत होते. माणसाच्या श्रमाची इतकी स्पष्ट खूण फार क्वचित हाती लागते. पण या उत्खननाच्या अंतिम अहवालाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला तो २००३ मध्ये. मधल्या तीन दशकांहून अधिक काळात ज्यांना या स्थळावर काही लिहायचे होते, त्यांना संक्षिप्त वार्षिक नोंदी आणि इतरांचे उल्लेख यांवर काम भागवावे लागले.

त्याच कालीबंगाविषयी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने असे मांडले की हे नगर वसण्याच्या कितीतरी आधी सतलजने आपला मार्ग बदलला होता, आणि लोक मोठ्या वाहत्या नदीच्या काठी नव्हे तर तिने सोडून दिलेल्या खोऱ्यात राहत होते. २०१९ च्या दुसऱ्या एका अभ्यासाने घग्गरच्या पात्रात बराच काळ बारमाही प्रवाह असल्याचा निष्कर्ष काढला. वाद चालू आहे आणि तो तज्ज्ञांनीच सोडवायचा आहे. माझी चिंता निराळी आहे. मूळ सामग्री सामान्य वाचकाच्या हाती सहज येत नाही, तेव्हा तिची जागा भ्रमणध्वनीवर फिरणारी बनावट चित्रे घेतात आणि ती इतिहास म्हणून खपतात. मी माझ्या नदीला तरावी म्हणते आणि ती खोटी आहे हे मुखपृष्ठापासून सांगते. त्यातून इतिहासाचे काही बिघडत नाही. बिघडते ते कल्पनेला खऱ्या नगराचे नाव लावले की.

पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वार्षिक समीक्षेचे जुने खंड महाजालावर वाचायला मिळतात, ही चांगली गोष्ट आहे आणि मी त्यांचा पुष्कळ उपयोग केला आहे. तथापि वाचायला मिळणे वेगळे आणि वापरायला मिळणे वेगळे. तलावाच्या एका छेदचित्राचा आधार घेऊन माझ्या पुस्तकासाठी चित्रकाराने नवे रेखाटन करावे का, त्याला परवानगी लागते का, लागत असल्यास ती कोण देते, हे विचारणारे पत्र मी एका कार्यालयाला पाठवले होते. तिथून मला दुसऱ्या कार्यालयाकडे जाण्यास सांगण्यात आले आणि त्या दुसऱ्या कार्यालयाचे उत्तर आलेच नाही. मराठी प्रकाशक अशा संदिग्धतेत पैसा घालत नाही. तो चित्रच काढून टाका म्हणतो. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये, स्वामित्वहक्काच्या बाहेर असलेल्या आपल्या संग्रहातील वस्तूंची ३,७५,००० हून अधिक छायाचित्रे कोणत्याही कारणासाठी, व्यापारी कामासाठीसुद्धा, विनाशुल्क खुली केली. परिणामी आज मराठी चित्रकाराला इजिप्तच्या थडग्यातली होडी बिनदिक्कत वापरता येते आणि कच्छमधल्या तलावाच्या पायऱ्या वापरताना दहादा विचार करावा लागतो.

हे सारे मी आपल्यापुढे आताच मांडत आहे, याला कारण आहे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने मुंबईत दृक्श्राव्य आणि मनोरंजन उद्योगाची वेव्हज परिषद भरवली. ॲनिमेशन, दृश्य परिणाम आणि खेळ यांच्या शिक्षणासाठी राष्ट्रीय संस्थाही मुंबईत उभी राहत आहे. हे काम माहिती व प्रसारण खात्याचे असले तरी तिथून बाहेर पडणारे तरुण पहिल्याच प्रकल्पात जे नगर उभारतील त्याचा कच्चा माल आपल्या खात्यात आहे. तो त्यांना मिळाला नाही तर ते तेच घुमट आणि तेच उंट परदेशी साठ्यातून विकत घेतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे की उत्खनन संपल्यावर अंतिम अहवाल ठरावीक मुदतीत प्रसिद्ध व्हावा आणि मुदत टळल्यास निदान क्षेत्रनोंदी व रेखाटने आहेत त्या स्थितीत खुली व्हावीत. प्रसिद्ध झालेल्या अहवालांतील नकाशे, छेदचित्रे, भांड्यांची रेखाटने आणि छायाचित्रे कथा, चित्र, नाटक व खेळ यांसाठी स्वतंत्र परवानगीशिवाय वापरता येतील असा एक स्पष्ट, एका पानाचा आदेश आपण काढावा. श्रेयनिर्देशाची अट त्यात जरूर असावी. स्थळांवरच्या संग्रहालयांतली माहिती हिंदी-इंग्रजीखेरीज इतर भारतीय भाषांतही द्यावी, आणि ती देताना कौतुकाची विशेषणे कमी करून मोजमापे वाढवावीत. पाणी किती उंचीवरून येत होते आणि कोणत्या तलावातून कोणत्या तलावात जात होते, हे दाखवणारी एक आकृती प्रौढीच्या चार परिच्छेदांपेक्षा मोलाची आहे.

सुरुवात धोलावीऱ्याच्या जलव्यवस्थेच्या रेखाटनांपासून करता येईल. ती खुली झाल्यास त्यांवरील टिपांचा मराठी मजकूर कोणतेही मानधन न घेता तयार करून देण्याची माझी तयारी आहे. तो तज्ज्ञांकडून तपासून घेण्याची व्यवस्था मात्र आपल्या खात्याने करावी. या पत्राचे उत्तरही, शक्य असल्यास, जाहीरपणे द्यावे, कारण हाच प्रश्न घेऊन बसलेले लेखक आणि चित्रकार इतर भाषांतही आहेत.

आपली नम्र,
एक मराठी कादंबरीकार