शेपटीचं वल्हं

ॲडलेड

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

"परक्या शहरात वाट चुकत नाहीस ना?" असं तुम्ही दर वेळी विचारता. नाही चुकत. बस, ट्राम कुठवर आली ते फोनमधल्या नकाशावर सरकत्या ठिपक्यासारखं दिसतं. तुम्ही देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत धरून होडी आत घेता, मी तो ठिपका बघून घरातून निघते. काल अशीच नॉर्थ टेरेसला उतरले आणि समुद्रसापांवरचं व्याख्यान ऐकलं. सगळा वेळ किनाऱ्यावर ओढून घेतलेलं आपलं रापणीचं जाळं डोळ्यांसमोर होतं.

जाळ्यातला साप काठीवर उचलून तुम्ही म्हणायचात, "शेपटी बघ गो, वल्ह्यासारकी." व्याख्यानाची सुरुवातही शेपटीपासूनच झाली! हे नाग-मण्यारीचेच भाऊबंद. पण पाण्यात राहून राहून शेपटी चपटी झाली आणि पोटाखालचे रुंद खवले बारीक झाले. वाळूवर पडला की त्याला धड सरपटता येत नाही, ते यामुळेच. बहुतेक जाती अंडी घालत नाहीत, पाण्यातच पिल्लांना जन्म देतात. नाकपुड्यांना झडपा असतात, फुप्फुस जवळजवळ शेपटीपर्यंत लांब, शिवाय कातडीतूनही थोडा प्राणवायू मिळतो. एका जातीच्या तर कपाळाच्या कातडीखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे, ते २०१९ साली लक्षात आलं. पाण्यातला प्राणवायू त्यातून मेंदूकडे जात असावा.

मला सगळ्यात भिडली ती त्यांची तहान. जिभेखालच्या ग्रंथीतून ते मीठ बाहेर टाकतात, त्यामुळे खारं पाणीच पीत असतील असं पूर्वी मानत. पण तहानलेला साप खाऱ्या पाण्याला तोंड लावत नाही. कोस्टा रिकाच्या किनाऱ्याजवळचे पिवळ्या पोटाचे साप कोरड्या ऋतूत महिनोन्महिने तहानलेले राहतात. मोठा पाऊस झाला की गोडं पाणी हलकं असल्यानं खाऱ्यावर तरंगतं, ते पितात. पावसात खाडीच्या तोंडाशी वरचं पाणी गोडसर लागतं, हे तुम्हीच मला ओंजळीतून चाखवलं होतंत.

एक मागणं आहे. समुद्रसापाला श्वासाला वर यावंच लागतं, जाळ्यात पाण्याखाली अडकला तर गुदमरून मरतो. तुम्ही तर त्याला सोडून देताच, पण बाकीच्या रापणकरांनाही सांगा. आणि बाबा, घाईतसुद्धा हात लावू नका, काठीच वापरा. विष फार जहाल असतं.

आईला नमस्कार. यंदा पहिल्या मोठ्या सरीनंतर पाण्यावर नजर ठेवा. साप वर आलेले दिसले तर लगेच फोन करा, इथे मध्यरात्र असली तरी.

तुमची,
बाय