डॉक्टर, तुम्ही पाण्याचं विचारलंत म्हणून

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री आमची मांजर बकुळा खिडकीच्या कट्ट्यावर चढली. एका उडीत नाही. आधी स्टूल, मग खुर्ची, मग कट्टा. पण चढली आपली आपण, सात महिन्यांनी. ते पाहिलं आणि तुम्हाला लिहायला बसले. दवाखान्यातून निघताना पिंजरा उचलत मी दर वेळी घाईने ‘थँक्यू’ म्हणते, पण मनातलं काहीच त्यात मावत नाही. आणि हे पत्र उघड लिहितेय, कारण म्हातारं मांजर घरात असलेल्या आणखी कुणाला तरी ते कामी येईल.

तुमच्याकडे येण्याआधी मला एक उत्तर मिळालेलं होतं. १३ वर्षांची मांजर, वजन उतरलेलं, मागचे पाय ढिले पडलेले, कंबरेवरच्या केसांच्या गाठी झालेल्या, शू कधी ट्रेमध्ये तर कधी ट्रेच्या बाहेर. “वय झालंय, आता असंच चालायचं,” असं मला सांगण्यात आलं. मी ते मानलंही होतं. आजही त्याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

तुम्ही पिंजऱ्याचं वरचं झाकण काढलंत आणि जमिनीवर बसून राहिलात. बकुळा अंग चोरून तिथेच चिकटली, एक पाऊल टाकेना. तुम्ही तिला ओढून काढलं नाहीत. “घरी चालतानाचा व्हिडिओ आहे का?” एवढंच विचारलंत. माझ्या फोनवरचा तो दहा-बारा सेकंदांचा व्हिडिओ तुम्ही तीनदा पाहिलात, एका जागी थांबवलात आणि मला दाखवलंत: मांजर चवड्यांवर चालतं, त्याची टाच जमिनीपासून वर असते. बकुळाच्या मागच्या दोन्ही टाचा जमिनीला टेकत होत्या. मी रोज ते बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

मग तुम्ही विचारलंत, “पाणी किती पिते?” मी म्हटलं, नेहमीसारखंच. तुम्ही म्हणालात, मोजून सांगा. दुसऱ्या दिवशी मी ५०० मिली मोजून ठेवलं, तर २४ तासांनी जेमतेम ९० उरलं होतं. घरात ती एकटीच. ३.९ किलोच्या जिवाने ४१० मिली पाणी प्यायलं होतं! दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर गेलं की शोध घ्यायलाच हवा, हे तेव्हा कळलं.

रक्तातली साखर खूप वाढलेली निघाली, तरी तुम्ही त्या एका आकड्यावर थांबला नाहीत. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेही चढते, म्हणून लघवी तपासलीत आणि फ्रुक्टोसामीन ही रक्ताची तपासणीही करायला लावलंत. त्यावरून मागच्या दोनेक आठवड्यांची साधारण पातळी कळते. मधुमेहच होता. त्याने मागच्या पायांच्या नसा दुबळ्या झाल्या होत्या. भरपूर खाऊनही वजन का उतरतंय, टाच का टेकतेय, ट्रे का भरून वाहतोय, सगळ्याचं कारण एकच निघालं.

रिपोर्ट यायच्या आदल्या संध्याकाळी ती उठताना कण्हली. घरातल्या एका मोठ्या माणसाने अगदी मायेने पॅरासिटामॉलची पाव गोळी काढली. मी तुम्हाला फोन केला. “अजिबात नको. हातातली गोळी आधी खाली ठेवा,” असं तुम्ही म्हणालात. मांजराच्या यकृताला ते औषध नीट पचवता येत नाही, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच जाते, आणि एवढीशी मात्राही जिवावर बेतू शकते. तो फोन तुम्ही उचलला नसतात तर काय झालं असतं, हा विचार अजूनही रात्री मला जागं करतो.

एक्स-रेमध्ये कंबर आणि कोपरांच्या सांध्यांची झीजही दिसली, तेव्हा मी रडले, मला कळलंच नाही म्हणून. तुम्ही मला २००२ सालच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलंत. १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले, तर ९० जणांच्या सांध्यांत झीज होती. मांजर बहुधा लंगडून दाखवत नाही. ते उडी मारणं सोडतं, पाठ चाटायला वळणं सोडतं, आणि आपण म्हणतो, शांत झालंय. वेदनेचं औषध देण्याआधी तुम्ही तिची मूत्रपिंडं तपासलीत, त्याचंही मोल मला नंतर समजलं.

इन्सुलिनचं नाव काढताच माझे हात कापायला लागले होते. तुम्ही आधी सलाईन भरलेली सुई माझ्या हाती दिलीत, कातडीची घडी कशी धरायची ते दाखवलंत आणि मला चुकू दिलंत. दर १२ तासांनी, ती खातेय हे बघूनच. साखर फार उतरून ती अचानक लडखडली, गळून गेली तर हिरड्यांना मध चोळा आणि लगेच फोन करा. मागचे पाय एकाएकी लुळे पडले, पंजे गार लागले तर मात्र एक मिनिटही घालवू नका, ती रक्ताची गुठळी असू शकते. हे सगळं तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंत. तो कागद फ्रिजवर चिकटवलाय. ट्रेची एक बाजू कापून बुटकी केली, गुळगुळीत फरशीवर चटया टाकल्या, नखं दर पंधरवड्याला कापते.

आणि एका गोष्टीचे आभार मला वेगळे मानायचेत. मी विचारलं होतं, पाय पूर्ववत होतील ना? तुम्ही म्हणालात, “साखर आटोक्यात राहिली तर नसा सुधारतात, पण महिने लागतात. किती सुधारतील ते मी आज सांगू शकत नाही.” त्या प्रामाणिकपणावर मी हे सगळे महिने काढले.

आता डावी टाच पूर्ण उचलते. उजवी दमल्यावर अजून टेकते. वजन ४.५ किलो. पाणी मी अजूनही रोज मोजते.

पुढच्या आठवड्यात तपासणीला येतोय. कट्ट्यावर चढतानाचा व्हिडिओ घेऊन येते.

तुमची ऋणी,
बकुळाच्या घरची