सरासरी आकडा आणि हृदयाचा ठोका

मा. संपादक,

हिवाळ्यात मुंबईच्या हवेचा निर्देशांक रोज छापून येतो, पण तो मागच्या २४ तासांच्या सरासरीवर ठरतो, हे सहसा सांगितले जात नाही. हृदय सरासरीची वाट पाहत नाही. पीएम २.५ म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण वाढल्यावर काही तासांतच ठोक्यांमधल्या अंतराची नैसर्गिक लवचिकता कमी झाल्याचे अभ्यासांत दिसले आहे. फुप्फुसातल्या चेतातंतूंना डिवचले गेल्याने स्वायत्त मज्जासंस्थेचा तोल ढळतो, शिवाय दाहही वाढतो. धडधाकट माणसाला याचा पत्ताही लागत नाही. मात्र आधीच एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके), हार्ट फेल्युअर (हृदयाची कमजोर पंपिंग) किंवा हृदयविकाराचा जुना झटका असलेल्यांचे ठोके बिघडायला तेवढे निमित्त पुरते.

म्हणून अशा रुग्णांनी हवा मोजणाऱ्या जवळच्या केंद्राचा पीएम २.५ चा ताशी आकडा पाहावा. भारताचे २४ तासांचे मानक दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचे १५. थंडीत वारा पडलेला असताना पहाटे धूर जमिनीलगत साचतो. नेमकी तीच आपल्याकडे फिरायला जायची वेळ! फेरी उशिरा, ऊन तापल्यावर काढावी. रुमाल निरुपयोगी, एन-९५ हवा, तोही कडेने हवा न शिरणारा.

धडधड जाणवली तर मनगटावरची नाडी पूर्ण ६० सेकंद मोजावी. अनियमित नाडीत १५ सेकंद मोजून केलेला चारचा गुणाकार फसवतो. वेळ लिहून ठेवावी, कारण नंतर काढलेला ईसीजी बहुधा नॉर्मल येतो आणि होल्टर (दिवसभर ठोके नोंदवणारे यंत्र) लावावा लागतो. गोळीचा डोस मनाने बदलू नये. चक्कर, छातीत दुखणे किंवा धाप असेल, तर थेट १०८.

– एक वाचक, ठाणे