कंबोडियातल्या सिएम रीपच्या टुकटुकवाल्या दादांना आणि त्यांच्या घरच्यांना

दादा, तुमचं नाव इथे लिहीत नाही, विचारलं नव्हतं तुम्हाला. आई आता ठणठणीत आहे, पण तुमच्या घराचा विषय निघाला की अजून दोघींचे डोळे भरून येतात. त्या दिवशी गडबडीत नीट आभार मानायचे राहिले म्हणून हे लिहितेय, फोनमध्ये टाकून तुमच्या ख्मेर भाषेत वाचा.

आधी जो राग अजून गेलेला नाही तो सांगते. एप्रिलचं ऊन, बांतेय स्रेईचं देऊळ. इ.स. ९६७ चं गुलाबी दगडाचं शिवमंदिर, रावण कैलास हलवतोय, वाली-सुग्रीव लढतायत, आई हरखून बघत होती आणि बाहेर पडताना तिला चक्कर आली. आमच्या टूर मॅनेजरने घड्याळ बघितलं आणि म्हणाला लंच बुक आहे, सगळे खोळंबलेत, तुम्ही मागून टॅक्सी करून या. पैसे घेताना "आईंची काळजी आमच्यावर सोडा" म्हणणारा हाच, आणि सकाळपासून माईकवर "इथे गरिबी फार आहे, पर्स सांभाळा, टुकटुकवाल्यांच्या नादी लागू नका" हेही तोच सांगत होता. बस गेली. एकही जण खाली उतरला नाही.

तुम्ही मात्र भाडं किती ते न बोलता आईला हात देऊन बसवलंत, गळ्यातला क्रामा, तो तुमचा सुती पंचा, बर्फाच्या पाण्यात बुडवून तिच्या डोक्यावर ठेवलात, आणि शहर लांब म्हणून वाटेत प्रेह दाक गावात आपल्या घरी नेलंत. रस्त्याकडेला बायका मोठ्या काहिलीत ताडाचा रस आटवत होत्या, मागे तुमचं खांबांवरचं लाकडी घर. खालच्या सावलीत आईला बांबूच्या बाजेवर आडवं केलं.

लाईट गेलेली होती. चार्जिंगचा एकच छोटा पंखा, तो झोळीत झोपलेल्या बाळावर लावलेला. वहिनींनी आईकडे एकदा बघितलं, उठल्या, पंखा उचलून आईच्या उशाशी ठेवला आणि स्वतः पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन बाळाला वारा घालत बसल्या. मी हातानेच नको नको केलं तर नुसत्या हसल्या. तास-दीड तास, हात बदलत, एकदाही पंख्याकडे न बघता. बाळाच्या मानेवर घामोळं आलेलं मला दिसत होतं हो दादा. स्वतःच्या लेकराच्या अंगावरचा वारा काढून परक्या म्हातारीला दिला त्या माऊलीने, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आणि तुमच्या आई. माझी आई माळकरी आहे कळल्यावर त्यांनी प्राहोकचं, म्हणजे आंबवलेल्या मासळीचं, भांडं लांब सरकवलं, वेगळ्या पातेल्यात साधा भात शिजवला, वर ताडगुळाचा खडा. हुकूमशहा पोल पॉटच्या राजवटीत, १९७५ ते ७९, त्या लहान होत्या, दोन भाऊ उपाशी गेले असं तुम्ही मोडक्या इंग्रजीत सांगितलंत. त्या चार वर्षांत तुमच्या देशातली पंधरा-वीस लाख माणसं गेली, हे मी वाचलेलं होतं, पण ज्या बाईने ती भूक काढली ती माझ्या आईला "अजून घे" म्हणून भात वाढतेय हे बघताना मला घास गिळवेना.

एवढं झाल्यावर पैसे द्यायला गेले तर तुम्ही नेहमीच्या भाड्याचे डॉलर घेतलेत आणि बाकीचे माझ्या हातात परत कोंबलेत. ज्यांच्या घरात एक पंखा आहे त्यांच्यापासून पर्स सांभाळायला सांगतात आम्हाला! चांगुलपणा पैशावर नसतो, शिक्षणावरही नसतो, एसी बसमध्ये तर मला तो अजिबात दिसला नाही.

अंकोरची देवळं बघायला जाणाऱ्या आपल्या लोकांना माझं हात जोडून सांगणं आहे, एक दिवस तरी ग्रुप सोडून गावातला टुकटुक करा, प्रेह दाकला थांबा, ताडगूळ त्या आटवणाऱ्या बायकांकडूनच घ्या. देवळापाशी पोस्टकार्ड विकणाऱ्या पोरांकडून मात्र घेऊ नका, कमाई झाली की शाळा सुटते त्यांची. सुरुंगात पाय गेलेले लोक देवळाच्या वाटेवर वाद्यं वाजवत बसतात, तिथे दोन मिनिटं उभे राहून ऐका आणि जमेल तेवढं द्या.

दादा, आईने बाळासाठी मऊ सुती झबली शिवलीत, ओळखीचे कोणी तिकडे निघाले की पाठवते. वहिनींना आणि तुमच्या आईंना आमचा दोघींचा नमस्कार सांगा. आणि आई विचारतेय, बाळाला दात आले का? फोटो पाठवा.

तुमची ताई