टॉवरमध्ये एक कट्टाही हवा

महोदय,

वरळीच्या बीडीडी (ब्रिटिश काळात ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ने बांधलेल्या) चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये टॉवरमधल्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणं म्हणजे काय, हे सामायिक संडासापुढे बादली घेऊन उभं राहिलेल्यालाच कळेल. मी उभा राहिलो आहे, त्यामुळे चाळीचे गोडवे गाणार नाही.

पण एक गोष्ट खुपते. १९२० च्या दशकातल्या या चाळींत एका मजल्यावर वीस खोल्या आणि मधोमध बोळ. तो तसा अंधाराच. तरी दिवसभर दारं उघडी आणि भिंतीला पाठ लावून बायका तांदूळ निवडत बसलेल्या. आजी खोलीत एकटी असली तरी तिच्या खोकल्यावर चार घरांचा कान असे. पुढे आम्ही एका टॉवरमध्ये राहायला गेलो, तेव्हा आईने सवयीने दार सताड उघडं ठेवलं. समोर फक्त लिफ्टची पोलादी दारं. आठवड्याभरात तिने कडी लावून घेतली.

नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील चाळींचाही पुनर्विकास होतो आहे. तिथे दर मजल्यावर लिफ्टसमोर उजेडाची मोठी खिडकी आणि चार माणसं टेकतील एवढा कट्टा द्यावा. गाड्यांसाठी मजलेच्या मजले काढता येतात, मग कट्ट्याला जागा मिळायला हरकत नसावी.

– एक जुना चाळकरी, मुंबई