बारा हलग्या, घुमकं एकही नाही

सोलापूर

प्रिय बाळ्या,

चार महिने पत्र नाही, घाल शिव्या. गुडघा बरा आहे, गोळी चालू. पण हे तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही. मंडळाच्या पोरांनी विसर्जनाला लेझीमपुढं बारा हलग्या ठरवल्यात. घुमकं एकही नाही!

अरे, हलगी, दोन तोंडांचं घुमकं, झांजेसारखं कैताळ हा तिघांचा संसार. हलगीवाल्याच्या एका हातात जाड टिपरू, ते ठोका देतं. दुसऱ्या हातातली बारीक लवचिक काडी मधली जागा भरते. घुमक्याच्या एका तोंडावर काठी घासून घुमारा काढतात, तो खालचा भरीव आवाज. कैताळ लय धरतं. बारा काड्या बारा तऱ्हेनं पडल्या की भरणीची नुसती खरखर होते, लेझीमवाल्याला पाय कुठं टाकायचा कळत नाही. तीन हलग्या, दोन घुमकी, एक कैताळ पुरे. त्यातही एकीनंच बोलायचं, बाकी दोघींनी साधा ठेका.

शिवाय पावसाळी हवा. कातडं सैल पडतं, शेकावं लागतं. बारावी शेकून होईपर्यंत पहिली ढिली. घाईत जास्त शेकली तर फाटलीच.

वाजवणारे रांगेच्या मधोमध हवेत. 34 मीटर जायला आवाजाला सेकंदाचा दहावा भाग लागतो. लय चढली की शेवटची रांग तेवढ्यानं मागं पडते. (‘पुढंच शोभतं’ म्हणून मी तुझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता. चुकलो. पुन्हा लिहून देणार नाही.)

त्यात सनईसोबत ब्रास बँडही हवाय त्यांना. क्लॅरिनेटवाला पट्टी बदलून वाजवेल, सनईचा सूर मात्र तिच्या लांबीवर ठरलेला. म्हणून आधी सनईवाल्याची पट्टी विचारायची, मग बँडला सांगायची. सूर धरायला दुसरी सनई लागतेच. आणि बँडचा मोठा ढोल हलगीबरोबर सुरू झाला की एका घरात दोन सासवा.

तू पाठवलेला वादकांच्या चौकडीचा व्हिडिओ पोरांना दाखवला: दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो. हातवारे करणारा कुणी नाही, एकमेकांच्या गजाकडं बघून सुरू होतात. एक म्हणाला, “काका, चौघंच? मग आवाज कुठाय?” दुसरा त्याला, “गप बे!”

पोरीच्या प्रवेशाचं काय झालं? वहिनींना नमस्कार. शेंगाचटणी पाठवतो.

तुझा,
पप्या

ता. क. तुझ्या माळ्यावरचं घुमकं उंदरांनी खाल्लं नसेल तर रविवारच्या बैठकीआधी पाठव.