बेळगावच्या उद्यमबागेतल्या अण्णांना, आबांच्या डिस्कबद्दल

अण्णा, सप्रेम नमस्कार.

माझ्या वडिलांच्या, आबांच्या, जुन्या कॉम्प्युटरमधलं लिखाण तुम्ही वाचवून दिलंत, पण चहाच्या पलीकडे काही घेतलं नाही, आणि फोनवर आभार मानायला लागलो की "राहू दे ओ" म्हणून विषयच बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. खानापूर, निपाणी, चिकोडीकडे कुणाच्या माळ्यावर असा जुना कॉम्प्युटर पडून असेल, तर त्यांच्याही उपयोगी पडेल.

आबांचा तो एक्सटी म्हणजे आयबीएमने १९८३ साली काढलेल्या एक्सटी नावाच्या कॉम्प्युटरची नक्कल. त्यात सीगेटची एसटी-२२५ हार्ड डिस्क, २० एमबीची. आबा मास्तर. जांबोटी, कणकुंबीकडच्या गावांत हिंडून शेतांची, झऱ्यांची, माळांची नावं म्हाताऱ्यांच्या तोंडून लिहून घ्यायचे आणि सी-डॅकचं जिस्ट कार्ड (भारतीय भाषांत टाइप करू देणारं) घातलेल्या त्या मशीनवर मराठीत टाइप करून ठेवायचे. वह्या वाळवीने खाल्ल्या. उरलं ते डिस्कवर. मधे मशीन कुणाकडे तरी दुरुस्तीला गेलं आणि परत आलं ते हार्ड डिस्क चालवणाऱ्या कार्डाशिवाय.

एका दुकानात यूएसबी कन्व्हर्टर लावून बघायला निघाले. बसणार कुठून? त्याला ४० पिनांची आयडीई म्हणजे नंतरच्या पद्धतीची डिस्क लागते, आणि हिच्या मागे ३४ पिनांची एक पट्टी आणि २० ची एक. "भंगार आहे," म्हणाले. फोनवर दुसऱ्या एकाने सल्ला दिला की कुठलंही एमएफएम कार्ड, म्हणजे अशा जुन्या डिस्कचं कार्ड, मिळवा, डॉसच्या डीबग प्रोग्राममध्ये जी=सी८००:५ मारा, डिस्क चालू होईल.

तुम्हाला हे सांगितलं तेव्हा हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "तेवढं एक करू नकासा." त्या आज्ञेने कार्डातला लो-लेव्हल फॉरमॅट, म्हणजे डिस्क मुळापासून पुन्हा आखणं, सुरू होतो. डिस्क चालू झाली असती खरी, पण कोरी होऊन.

मग तुम्ही जे समजावलंत ते मला कुणीच सांगितलं नव्हतं. आयडीईत कंट्रोलर, म्हणजे डिस्क चालवणारा भाग, डिस्कच्याच अंगावर असतो, म्हणून ती कुठेही जोडली तरी चालते. या जुन्या डिस्कला अक्कल नसते. ती नुसते कच्चे ठोके केबलवर सोडते, आणि त्यातून सेक्टर (डेटाचा एक कप्पा) कुठे सुरू झाला, कुठे संपला हे कार्ड ठरवतं. एका कंपनीच्या कार्डाने आखलेले सेक्टर दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला बहुतेक वेळा कळतच नाहीत. तेव्हा शोधायचं ते डिस्कचं मूळ कार्ड, निदान त्याचं भावंड. आबांच्या फायलीत मशीनचं बिल सापडलं, त्यावर वेस्टर्न डिजिटलच्या कार्डाचा नंबर होता, आणि तसलं कार्ड तुमच्या कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं निघालं. (तुमच्या कपाटाबद्दल वहिनींचं मत मी ऐकलंय. यापुढे मी तुमच्या बाजूने बोलणार.)

केबलचं तर विसरणार नाही. ३४ तारांची पट्टी बघून मी ती लावायलाच निघालो होतो. तुम्ही ती बोटांत धरून पीळ कुठल्या तारांना आहे ते मोजलंत: १० ते १६, म्हणजे फ्लॉपीची. हार्ड डिस्कच्या केबलचा पीळ २५ ते २९ मध्ये असतो. दिसायला दोन्ही सारख्याच.

वीज द्यायच्या आधी डिस्क दोन्ही हातांत आडवी धरून तुम्ही मनगटाला हलका हिसका दिलात, कारण वर्षानुवर्षं पडून राहिली की वाचणारे हेड तबकडीला चिकटून बसतात. फिरायला लागल्यावर लगेच वाचूही दिली नाहीत. स्टेपर मोटरची, म्हणजे हेड ठरावीक पावलांनी सरकवणारी डिस्क, हेड नेमकं कुठे आहे हे तिचं तिला कळत नाही. गार असताना ट्रॅक, म्हणजे डेटाच्या गोल रेघा, जरा सरकलेले असतात. बाहेर आपला पाऊस, आत गारठा. अर्धा तास ती नुसती गुरगुरत ठेवलीत. आणि खरंच, गरम झाल्यावर बहुतेक फायली "सेक्टर नॉट फाउंड" न म्हणता निमूट वाचल्या गेल्या.

डेटा बाहेर काढण्यासाठी शेजारच्या स्लॉटमध्ये एक्सटी-आयडीई कार्ड (एक्सटीला आयडीई जोडू देणारं) आणि त्यावर कॉम्पॅक्ट फ्लॅश, म्हणजे कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड. आयडीई एका वेळी १६ बिट देते, एक्सटीचा स्लॉट ८ बिटांचा. उरलेला अर्धा भाग कार्ड धरून ठेवतं आणि पाठोपाठ देतं. जुन्या कार्डाचा बायॉस (त्याचा आतला प्रोग्राम) मेमरीत सी८०० या पत्त्याला बसलेला, म्हणून नव्याचा तुम्ही डी००० ला हलवलात. डॉस ३.३ ला ३२ एमबीपेक्षा मोठं पार्टिशन (डिस्कचा तुकडा) चालत नाही, म्हणून एवढ्या मोठ्या फ्लॅशवर तेवढाच तुकडा कापलात. मला हसू आलं होतं, तुम्हाला नाही.

पुढचं काम पुतणीने केलं. फायली इस्की या जुन्या भारतीय लिपी-कोडमध्ये होत्या, नव्या मशीनवर नुसती चिन्हं दिसत होती. तिने त्या आजच्या युनिकोडमध्ये आणल्या. आता गावागणिक यादी आहे: वडाची पट्टी, कोंडीचा झरा, खालचं सावळ. कित्येक शेतं विकली गेली, तिथे आता नुसते सर्व्हे नंबर चालतात. आबांनी कुणी सांगितलं तेही लिहून ठेवलंय. तुम्ही घरी कानडी बोलणारे, तरी कुठलं नाव कानडी आणि कुठलं मराठी यावर तुम्ही आणि पुतणी तासभर भांडलात, त्याचा कागद मी जपून ठेवलाय.

दोन फायली अजून अर्ध्याच वाचल्या जातात. उन्हाळ्यात डिस्क नीट तापवून परत बघू म्हणाला होतात. तोवर कार्ड माझ्याकडेच राहू द्या. एप्रिलमध्ये मशीन घेऊन येतो.

तुमचा,
मास्तरांचा मुलगा